आपल्या छताचं पाणी, शेजाऱ्याचा उंबरा

(मुदखेड येथे नागरिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

  

मला बोलावलं तेव्हा संयोजकांनी सांगितलं, की मोठे विषय नेहमीच होतात, या वेळी रोजच्या जगण्यातला एखादा विषय घे. पंधरा-वीस दिवसांत मृग लागेल. म्हणून मी एकच प्रश्न घेऊन आलोय. आपल्या घरावर जो पाऊस पडतो, तो पुढे जातो कुठे?

मी इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरचा. घरं बांधणं माझं काम नाही. इथे बसलेल्या मिस्त्री लोकांना माझ्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात. मला येतं ते एवढंच: एखाद्या व्यवस्थेत किती माल येतो, किती साठतो, किती बाहेर पडतो आणि कुठे तुंबतो, याचा हिशेब मांडणं. तोच हिशेब मी आज पाण्याचा मांडणार आहे.

आधी आकडे पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं एक सूत्र लक्षात ठेवा, बाकी सगळं गुणाकाराने येतं. आपल्या नांदेड जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ९०० मिलिमीटर. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तोही सारखा नाही. आठ-दहा दिवस उघडीप, मग एका रात्रीत झोडपून काढतो.

शेतकरी बांधवांना ६५ मिलिमीटरचा आकडा पाठ असतो. २४ तासांत मंडळात तेवढा पाऊस झाला की महसूल खातं अतिवृष्टी म्हणतं. आता हा आकडा शेतातून उचलून घरावर आणा. आपल्या गावात नवे प्लॉट बहुधा एक गुंठ्याच्या आसपासचे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०० चौरस मीटर. अतिवृष्टीच्या एका दिवशी या एका प्लॉटवर साडेसहा हजार लिटर पाणी पडतं. पाच हजार लिटरचा ट्रॅक्टरचा टँकर आपण उन्हाळ्यात विकत घेतो ना? तो एक पूर्ण, वर आणखी दीड हजार लिटर. चाळीस घरांच्या गल्लीत एका दिवसात दोन लाख साठ हजार लिटर. रस्त्यावर पडलेलं पाणी यात धरलेलंच नाही.

बरं, हे पाणी दिवसभर हळूहळू पडेल याची खात्री नाही. समजा, एका तासात ५० मिलिमीटर कोसळला. तुमचा स्लॅब ७०० चौरस फुटांचा, म्हणजे ६५ चौरस मीटरचा असेल, तर एकट्या स्लॅबवरून त्या तासात ३,२५० लिटर खाली येणार. दर मिनिटाला साडेतीन बादल्या. चाळीस घरांनी एकाच वेळी, एकाच फूटभर रुंद नालीत मिनिटाला साडेतीन-साडेतीन बादल्या ओतल्या तर काय होईल, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आपल्या आजोबांच्या काळी काय होतं? माळवदाची घरं होती. वर पांढऱ्या मातीचा जाड थर. थोडं पाणी ती माती धरून ठेवायची, उरलेलं पन्हळीतून हळूहळू पडायचं. घरात अंगण, मागे परस. तिथली जमीन उघडी, त्यामुळे बरंच पाणी जागीच मुरायचं. कित्येक घरांत आड असायचा आणि मुरलेल्या पाण्याचा थोडा वाटा आडाला मिळायचा. माळवद गळायचं, दरवर्षी त्यावर माती टाकावी लागायची, भिंती ओल धरायच्या. मी त्या घरांचं कौतुक करायला उभा नाही. पण त्या घराला पाणी थोपवायची जागा होती. आज एका गुंठ्यात आपण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधतो. उरलेल्या दोन-तीन फुटांच्या बोळीत फरशी टाकतो. चिखल नको म्हणून समोरच्या ओट्यापर्यंत सिमेंट करतो. मग पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब काही मिनिटांत दारात येतो, दारातून नालीत जातो, आणि नाली भरली की कुणाच्या तरी घरात.

कुणाच्या घरात? यालाच मी आजचा खरा प्रश्न मानतो. ज्याचं घर जुनं, त्याच्या घरात. ज्याचं जोतं खाली, त्याच्या.

आपल्या गल्ल्यांमध्ये एक शर्यत चालू आहे. पहिलं घर बांधलं तेव्हा रस्त्यापासून दोन फूट जोतं घेतलं. दहा वर्षांनी रस्ता झाला, जुन्या रस्त्यावरच काँक्रीटचा नवा थर पडला. रस्ता अर्धा फूट वर आला. शेजारी नवं घर बांधतो, तो नव्या रस्त्यापासून तीन फूट जोतं घेतो. पुन्हा रस्ता, पुन्हा थर. जो शेवटी बांधतो तो सर्वांत सुरक्षित. जिने वीस वर्षांपूर्वी बांधलं आणि आज पुन्हा बांधायची ऐपत नाही, ती विधवा खाला रस्त्यावरून एक पायरी उतरून आपल्या घरात जाते. पाऊस आला की उंबऱ्यावर पोती रचते, धान्याचा डबा पलंगावर ठेवते. तिने काहीच केलेलं नसतं. भोवतालचे सगळे वर गेले, एवढंच.

राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच असावं. म्हणजे दीड फूट. पण त्याच नियमात त्याआधी म्हटलं आहे, की जोतं अशा रीतीने ठेवावं की त्या जागेचा निचरा नीट होईल. आपण उंचीचं वाक्य पाळतो, निचऱ्याचं सोडून देतो.

याला आपली काळी माती आणखी एक अडचण जोडते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्याच आहेत. पायाखालची माती सगळीकडे सारखी ओली झाली तर एक वेळ चालतं. पण स्लॅबचा पाइप एकाच कोपऱ्यात जोत्याशी ओकत असेल, तर तो कोपरा फुगतो, बाकीचं घर जागेवर राहतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. लोक म्हणतात, सिमेंट हलकं होतं, मिस्त्रीने फसवलं. अनेकदा दोष त्या पाइपाच्या तोंडाचा असतो. शेजाऱ्याच्या भिंतीशी आपला पाइप सोडला तर हेच त्याच्या पायाला होतं.

मग करायचं काय? मी क्रमाने सांगतो.

पहिलं काम गच्चीवर. दर दहा फुटांना एक ते सव्वा इंच उतार हवा. चार इंची पाइप एकावर न थांबता दोन लावा. ६५ चौरस मीटर स्लॅबला साध्या जोरदार पावसात एक पाइप पुरतो, पण पाऊस त्याच्या दुप्पट जोराचा आला किंवा एका तोंडावर पाला, चेंडू, पतंग अडकला, तर दुसरा लागतो. तोंडावर जाळी बसवा. मृगाच्या आधी गच्ची झाडून घ्या.

दुसरं काम पाइपाच्या खालच्या टोकाला. पाणी जोत्याशी पडू देऊ नका. जोत्याभोवती जेवढी बोळ असेल तेवढ्या भागात काँक्रीटची पट्टी, उतार घरापासून बाहेरच्या बाजूला. पावसाचा पाइप संडासच्या टाकीला कधीही जोडू नका. जोरदार पावसात ती टाकी भरून वाहते आणि मैला अंगणात येतो. न्हाणीघराचं सांडपाणी वेगळं, पावसाचं वेगळं.

तिसरं काम साठवणीचं. पहिल्या पावसाचं पाणी धूळ, पाखरांची विष्ठा घेऊन येतं, ते सोडून द्या. त्यापुढे प्रत्येक पावसाचं पहिलं शंभर-दीडशे लिटर बाजूला काढायला एक साधी वळण-नळी पुरते. मग पाणी हजार लिटरच्या टाकीत घ्या. धुण्याला, संडासला, झाडांना, कूलरला चालेल. टाकीला घट्ट झाकण हवं आणि वाहून जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पाणी वाचवलं आणि ताप घरात आणला, असं व्हायला नको.

चौथं काम शोषखड्ड्याचं, आणि यासाठी आपल्याला पुण्या-मुंबईकडे बघायची गरज नाही. शोषखड्ड्यांचा 'नांदेड पॅटर्न' राज्यभर गेला तो आपल्याच जिल्ह्यातून. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेतले, उघड्या नाल्यांतलं सांडपाणी जमिनीत जिरवलं आणि डास हटवले. पुढे जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून गावोगाव ते काम नेलं. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे. सांडपाणी टाकीत येतं, गाळ खाली बसतो, पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत.

पण इथे पुन्हा हिशेब करा. चार फूट बाजूच्या खड्ड्याचं एकूण आकारमान १,८०० लिटर. दगड भरल्यावर पाण्यासाठी जागा उरते सातशे लिटरच्या आसपास. रोजचं सांडपाणी थोडं थोडं येतं, त्याला तो पुरतो. अतिवृष्टीच्या दिवशी ६५ चौरस मीटर स्लॅबवरून सव्वाचार हजार लिटर येणार. ते त्यात मावणार नाही. काळ्या मातीत तर ते मुरायलाही वेळ लागतो. म्हणून तीन पथ्यं. खड्डा काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्या. पायापासून दहा फूट तरी लांब ठेवा. आणि जादा पाणी बाहेर पडायला वाट ठेवा. पावसाचा खड्डा आणि सांडपाण्याचा खड्डा एक करू नका. बोअरमध्ये पाणी सोडायचं असेल तर फक्त स्लॅबचं, तेही वाळू-खडीच्या गाळणीतून. अंगणातलं, रस्त्यावरचं पाणी बोअरमध्ये सोडणं म्हणजे घाण थेट पिण्याच्या पाण्यात सोडणं.

एका गुंठ्यात पायापासून दहा फूट जागा अनेकांकडे नसते. मग? तीन-चार घरांनी मिळून गल्लीच्या कोपऱ्यात एक मोठा खड्डा घ्या. एकट्याला अशक्य असलेलं काम चौघांना सोपं जातं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

आता पुन्हा बेरीज. प्रत्येक घराने हजार लिटर टाकीत आणि सातशे लिटर खड्ड्यात थोपवलं, तर चाळीस घरांचं जवळपास ६८ हजार लिटर पाणी ऐन जोराच्या वेळी नालीत येत नाही. नाली तीच, सफाई तीच. पण त्या खालाच्या उंबऱ्यावर पाणी कमी चढतं. तुमच्या टाकीचा पहिला फायदा तुम्हाला आहे, दुसरा तिला.

मर्यादाही सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात हसनाळ आणि आसपासच्या गावांत जे झालं, माणसं गेली, जनावरं गेली, ते टाकी-खड्ड्याने थांबणारं नव्हतं. नदी, धरण, पूररेषा, पुनर्वसन हे शासनाचे प्रश्न आहेत आणि ते शासनालाच विचारले पाहिजेत. मी बोलतोय ते दरवर्षी तीन-चार वेळा गल्लीत गुडघाभर साचणाऱ्या पाण्याबद्दल.

दुसरीकडे, याच मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. मिरजेहून निघालेली पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर घेऊन १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. देशभर बातमी झाली. मघाच्या स्लॅबवर अतिवृष्टीच्या एका दिवशी सव्वाचार हजार लिटर पडतं. गळती-सांडणी वजा करून ३,६०० धरा. म्हणजे साधारण १४० छतांवर एका दिवसात पडणारं पाणी त्या पहिल्या गाडीएवढं होतं. ऑगस्टमध्ये आपण ते 'जा बाबा एकदाचं' म्हणून हाकलतो आणि एप्रिलमध्ये टँकरमागे धावतो.

कायद्याबद्दल थोडं. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत पाऊसपाणी संकलन सक्तीचं आहे, पण ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाला. एक गुंठेवाल्याला सक्ती नाही. गावात बहुतांश घरं याच आकाराची, म्हणजे बहुतांश छतं नियमाबाहेर. तिथे काम होईल ते आपल्या इच्छेनेच.

दुसरी गोष्ट शेजारधर्माची. १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो, की वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीकडे वाहत असेल, तर खालच्याने ते अडवू नये. यातला 'नैसर्गिकरीत्या' हा शब्द महत्त्वाचा. स्लॅबवर गोळा केलेलं पाणी पाइपाने शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणं हा निसर्ग नव्हे.

तिसरी गोष्ट नगर परिषदेची. रस्ते आणि नाल्या बांधणं व राखणं हे १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार तिचं बंधनकारक कर्तव्य आहे. ते मागताना आपल्याला हात जोडायची गरज नाही. मात्र मागणी नेमकी हवी. 'आमच्या गल्लीत पाणी साचतं' एवढ्या अर्जावर एक दिवस सफाई होते आणि फाइल बंद होते.

नेमकी मागणी कशी करायची? त्यासाठी मिस्त्री लोकांची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या. तीस-चाळीस फूट नळी, आत पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन माणसं दोन टोकं धरतात, दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी. गल्लीच्या तोंडाच्या विजेच्या खांबावर एक खूण करा आणि तिथून एकेक टप्पा पुढे जा. प्रत्येक दारासमोर तीन आकडे लिहा: रस्ता, नालीचा तळ, जोतं. संपूर्ण गल्लीचं काम एका सकाळी होतं. कागदावर मांडल्यावर दिसेल, की नालीचा तळ कुठे उलटा चढतो. उतार साधा असावा, तीनशे फुटांच्या गल्लीत दीड फूट. जिथे तो उलटा आहे तिथे कितीही वेळा गाळ काढा, पाणी थांबणारच.

हा नकाशा घेऊन नगर परिषदेत जा. सांगा: नवा रस्ता करण्याआधी जुना थर खरवडून काढा, पातळी वाढवू नका. अमुक घरापासून तमुक घरापर्यंत नालीचा तळ खाली घ्या. अर्जाला आकडे जोडले की उत्तरही आकड्यांत द्यावं लागतं. आणि तोच नकाशा आपल्यालाही आरसा दाखवेल. नालीवर ज्यांनी पक्का ओटा बांधला, गाडी चढवायला नालीत चार इंची पाइप टाकून वरून सिमेंट केलं, त्यांच्यामुळे गाळ काढता येत नाही. तिथे उचलता येईल अशी लोखंडी जाळी बसवा. हे काम नगर परिषदेच्या नोटिशीआधी आपण करावं.

या मोजणीत बहिणींना पुढे घ्या. दुपारी दोन वाजता पाणी कुठून शिरतं, किती वेळ थांबतं, हे घरात असणाऱ्या बाईला माहीत असतं, बाहेर असणाऱ्या पुरुषाला नाही. भाडेकरूंनाही बोलवा. घर त्यांच्या नावावर नसलं तरी पाणी त्यांच्याच अंथरुणात शिरतं. आणि गल्लीतली मोठी छतं विसरू नका. मशीद, शाळा, मंदिराचा सभामंडप, शादीखाना. एका मोठ्या छताचं पाणी पाच-सहा घरांएवढं असतं. त्या त्या समित्यांनी आपल्या छताची व्यवस्था आधी केली, तर लोकांना सांगायला तोंड राहील.

शेवटचं सांगतो. पाण्यावरून गल्लीत भांडणं होतात, हे तुम्ही सगळे जाणता. तुमचा पाइप आमच्या भिंतीवर, तुमच्या ओट्यामुळे आमच्या घरात. दोन घरांची नावं दोन वेगळ्या धर्मांची किंवा जातींची असली, की पाइपाचं भांडण पाइपाचं राहत नाही. बाहेरचे येतात, जुन्या गोष्टी निघतात, पाणी ओसरतं आणि कडवटपणा साचून राहतो. नळीतल्या पाण्याला मात्र कुणाचं घर कुणाचं हे कळत नाही. ते फक्त पातळी दाखवतं. दोन्ही घरांनी मिळून ती मोजली, तर भांडणाच्या आधी आकडा समोर येतो आणि बहुतेक वेळा उपायही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, प्रत्येक गल्लीतून चार जण, एक नळी, एक वही. नळी ज्यांच्याकडे नाही त्यांना इथले मिस्त्री चाचा देतो म्हणालेत. मोजणीची सुरुवात गल्लीतल्या सर्वांत खालच्या घरापासून करा, आणि ते घर कुणाचं आहे हे पाहून मग आपापल्या गच्चीवर चढा.